उद्याचं मनन

"दहाला नाडी चौऱ्याऐंशी होती ना?" डॉ. आढावांनी चार्टवरून नजर न काढता विचारलं.

"हो, डॉक्टर," मी म्हणाले.

एवढं बोलायला मला क्षणही लागला नाही. आता निवृत्त होऊन सात वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो. पण ते "हो, डॉक्टर" मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. काय गोड आवाज होता माझा! खोटं बोलणाऱ्या मुलीचा आवाज इतका स्वच्छ असू नये.

नऊ नंबरच्या खाटेवर कौसाबाई खेडकर होत्या. पस्तिशीच्या, शेवगावकडच्या एका वाडीवरच्या. आदल्या दिवशी दुपारी ऑपरेशन करून त्यांची गर्भपिशवी काढली होती. दर तासाला त्यांची नाडी मोजायची आणि चार्टवर लिहायची, हे त्या सकाळी माझं काम होतं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, मिशन दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत दुसऱ्या वर्षाला. सातला ब्याऐंशी, आठला चौऱ्याऐंशी, नऊला शहाऐंशी, दहाला चौऱ्याऐंशी. चार्ट कसा छान दिसत होता. अकरा वाजता वॉर्डच्या मार्थासिस्टर जाता जाता त्या खाटेपाशी थांबल्या. कौसाबाईंच्या कपाळाला हात लावला, मनगट धरलं आणि मला म्हणाल्या, "रिबका, डॉक्टरांना बोलव. पळू नकोस, पण लवकर जा."

नाडी एकशे तीस होती. कपाळ गार पडलेलं आणि घामाने ओलं.

"साडेदहाला इंजेक्शन दिलंय," डॉक्टर चार्टकडे बघत म्हणाले. "दहापर्यंत सगळं ठीक, आणि अकराला हे. म्हणजे इंजेक्शनच बाधलेलं दिसतंय. त्यावरचं औषध देऊ आणि अर्धा तास बघू."

दहाची नाडी मी मोजलेलीच नव्हती. ते चौऱ्याऐंशी माझ्या मनचे होते.

ते कसं झालं हे सांगायचं तर वहीपासून सुरुवात करायला हवी.

आमच्या शाळेत एक पद्धत होती. प्रत्येक सिस्टरकडे चार-पाच मुली सोपवलेल्या असायच्या. नुसतं काम शिकवायला नव्हे, विश्वासात वाढवायला. मी मार्थासिस्टरांच्या गटात होते. पहाटे पावणेसहाला प्रार्थनाखोलीत चटईवर बसायचं. सिस्टर बायबलमधला छोटासा उतारा वाचायच्या. मग पंधरा मिनिटं शांत वेळ. डोळे मिटायचे, वाचलेल्यावर मनन करायचं आणि प्रभूने आज आपल्याला काय सांगितलं ते वहीत एक-दोन ओळींत लिहायचं, तारीख घालून. उठताना सिस्टर एखादीला विचारायच्या, "आज काय ऐकलंस?" आणि शनिवारी सगळ्या वह्या वाचायला न्यायच्या.

मला काही ऐकू यायचं नाही. स्पष्टच सांगते. डोळे मिटून बसले की मला ऐकू यायची स्वयंपाकघरातली भांडी, नाहीतर पोटात ओरडणारे कावळे. माझ्या शेजारी शीला भांबळ बसायची. तिला प्रभू रोज अर्धं पान भरून सांगायचा. तिची पेन्सिल सरसर चालायची आणि मी माझ्या कोऱ्या पानाकडे बघत राहायची. आपल्यातच काहीतरी खोट आहे, देव बाकीच्यांशी बोलतो आणि आपल्याला टाळतो, असं मला मनापासून वाटायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. माझे वडील गावच्या चर्चची झाडलोट करायचे आणि घंटा वाजवायचे. सिस्टर आमच्या गावी बायकांच्या शिबिराला आल्या होत्या, तेव्हा त्यांनीच वडिलांना समजावून मला या शाळेत आणलं होतं. आता त्यांना काय सांगू, की तुम्ही आणलेल्या मुलीला काही ऐकूच येत नाही म्हणून?

मग मी लिहायला लागले. जे ऐकू यायला हवं ते. 'आज प्रभूने मला नम्र राहायला सांगितलं.' 'आज मला कळलं की शेजाऱ्याची सेवा हीच त्याची सेवा.' सिस्टर वाचून खाली छोटी बरोबरची खूण करायच्या आणि माझा जीव भांड्यात पडायचा. पुढे रोज सकाळी सुचेनासं झालं, तेव्हा मी रविवारी दुपारीच बसून आख्ख्या आठवड्याचं मनन लिहून टाकू लागले. त्यातही अक्कल चालवली होती. दोन पेनं ठेवली होती, एक निळं आणि एक काळं, म्हणजे सगळं एका बैठकीत लिहिलंय हे कळू नये. पहाटे पंधरा मिनिटं मी वहीवर पेन नुसतं हलवायची. पाच महिने हे बिनबोभाट चाललं.

त्या गुरुवारी पहाटे उठता उठता सिस्टर म्हणाल्या, "शनिवारी मी राहुरीला चाललेय, भाचीचं लग्न आहे. वह्या आजच द्या."

तिघींनी वह्या दिल्या. मीही दिली. न देऊन सांगते कुणाला? वहीत शुक्रवार होता आणि शनिवारही होता. शुक्रवार काळ्या शाईत.

सकाळी सातपासून वॉर्डात माझं निम्मं लक्ष सिस्टरांच्या पिशवीकडे होतं. ती ड्यूटीरूममध्ये खिळ्याला टांगलेली असायची. सिस्टर साधारण पावणेअकराला चहा घ्यायच्या आणि तेव्हा काहीबाही वाचत बसायच्या. त्याआधी वही काढून ती दोन पानं फाडली की झालं, असा माझा हिशेब. दहाला पाच कमी असताना सिस्टर दुसऱ्या टोकाला ड्रेसिंग करत होत्या. मी ड्यूटीरूममध्ये शिरले. पिशवीत हात घातला तर वर विणकाम, खाली डबा, त्याखाली वह्या. माझी सगळ्यात तळाशी. ती ओढते न ओढते तोच सरूआयाबाई किटली घ्यायला आत आल्या.

"काय शोधताय, बाई?"

"कापूस."

"कापूस पिशवीत कशाला आसंल? कपाटात हाय की."

मी कपाटातून कापूस काढला. आयाबाई काही हलेनात. त्यांना त्यांच्या जावयाची गोष्ट सांगायची होती आणि मला ती ऐकून घ्यावी लागली. बाहेर आले तेव्हा घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

कौसाबाई जाग्या होत्या. या कुशीवरून त्या कुशीवर करत होत्या, अंगावरची चादर पायाने ढकलत होत्या.

"बाई, पानी द्या ना. लई कोरड पडलीया."

"अजून पाणी द्यायचं नाही, मावशी. संध्याकाळी देऊ."

"घोटभर द्या."

"झोपा बरं जरा."

चार्टवर दहाचा चौकोन रिकामा होता. वीस मिनिटं उशीर झालेला. आता मोजून लिहिली तरी वेळ खोटी आणि खरी वेळ लिहिली तर कुठे होतीस म्हणून विचारणार. हे सगळं मी तेव्हा विचार करून ठरवलं, असंही नाही. वॉर्डात मी असं पूर्वी कधी केलं नव्हतं. न मोजता नाडी लिहिणं म्हणजे काय, हे पहिल्याच आठवड्यात आमच्या डोक्यात ठोकून भरलेलं असतं. पण हाताला रविवारची सवय होती. काय असायला हवं ते त्याला ठाऊक होतं. त्याने चौऱ्याऐंशी लिहिले. साडेदहाला स्टाफनर्स आल्या आणि इंजेक्शन देऊन गेल्या.

तर आता डॉक्टर म्हणत होते, अर्धा तास बघू.

मार्थासिस्टरांनी मला बोटाने खूण केली आणि खाटेला आडव्या लावलेल्या पडद्यापलीकडे नेलं. सिस्टर उंच होत्या, सावळ्या. रागावल्या की त्यांचा आवाज उलट खाली यायचा. त्यांचा एक हात अॅप्रनच्या खिशात होता आणि खिशातून माझ्या वहीचा कोपरा दिसत होता.

"मगाशी चहा घेताना तुझी वही उघडली," त्या म्हणाल्या. "तुझं उद्याचं मनन वाचलं. परवाचंही."

मी फरशीकडे बघत राहिले.

"उद्या सकाळी सहाला प्रभू तुला काय सांगणार ते तुला आजच माहीत आहे. मला तीस वर्षांत असं कधी कळलं नाही बाई. असो. त्याचं आपण नंतर बघू. आता एकच विचारते, दहाची नाडी तू मोजलीस का?"

पडद्यापलीकडून कौसाबाईंचं कण्हणं ऐकू येत होतं. माझ्या डोळ्यांसमोर वडील आले. मला एसटीत बसवताना त्यांनी नवी टोपी घातली होती आणि गावात सगळ्यांना सांगितलं होतं, आमची रिबका सिस्टर होणार. शाळेतून काढलेल्या मुलीला घेऊन ते त्याच गावात त्याच रस्त्याने कसे चालणार?

"नाही," मी म्हणाले.

"मग डॉक्टरांना सांग."

"तुम्ही सांगा ना, सिस्टर."

"मी काय सांगू? मी तिथे नव्हते. दहानंतर त्यांच्यापाशी तू उभी होतीस. तू काय पाहिलंस ते तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

"मला भीती वाटतेय."

"वाटणारच. प्रार्थना कर आणि चल."

"काय प्रार्थना करू?"

"चालता चालता कर. सहा पावलं आहेत."

त्या सहा पावलांत मी 'देवा' एवढंच म्हणाले. पुढचं काही सुचलं नाही. पाच महिने सुंदर सुंदर वाक्यं लिहिणाऱ्या मुलीला एकही वाक्य सापडलं नाही. पावलं संपली आणि डॉक्टर समोर आले.

"डॉक्टर, दहाची नाडी मी मोजली नव्हती. न मोजता लिहिली."

त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते आठवत नाही, कारण मी बघितलं नाही. मी बोलत राहिले, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "दहा वाजून वीस मिनिटांनी मी इथे आले, तेव्हा त्या पाणी मागत होत्या. खूप कोरड पडलीय म्हणाल्या. सारख्या कूस बदलत होत्या. तेव्हा इंजेक्शन दिलेलं नव्हतं."

"तेव्हा दिलेलं नव्हतं? नक्की?"

"नक्की. स्टाफनर्स त्यानंतर आल्या."

डॉक्टर लगेच खाली वाकले. कौसाबाईंच्या पोटावर हात ठेवून हळूच दाबलं तशा त्या कळवळल्या. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "इंजेक्शन नाही हे," ते म्हणाले. "आत रक्त जातंय. केव्हापासून जातंय. सिस्टर, थिएटर तयार करा, रक्ताची सोय बघा." आणि जाता जाता माझ्याकडे वळून, "तुझं मी नंतर बघतो."

खाट ढकलत नेली. वॉर्डाच्या मधोमध मी रिकाम्या हातांनी उभी होते. बाकीच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्या कानावर सगळं पडलं होतं. मला वाटलं, आता सिस्टर म्हणतील, हॉस्टेलवर जा आणि ट्रंक भर. त्या म्हणाल्या, "बाहेर त्यांच्या सासूबाई एकट्याच बसल्यात. त्यांच्यापाशी जाऊन बस."

म्हातारी थिएटरबाहेरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. गाठोडं कवटाळलेलं.

"काय झालं वं माझ्या सुनंला? परत कशापायी नेली आत?"

"आतून रक्त जातंय, आजी. डॉक्टर बंद करतायत."

"वाचंल का?"

मला माहीत नव्हतं. एरवी मी म्हणाले असते, हो हो, काही काळजी करू नका. तेही मला फार छान म्हणता यायचं. "मला माहीत नाही, आजी," मी म्हणाले.

तिने गाठोडं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "ल्योक मुंबईला हाय, गिरनीत. दोन लेकरं घरी हाईत. मी कुटवर पुरनार त्यास्नी?" आणि थोड्या वेळाने, "तुमी देवाची मानसं. रोज म्हनता ना कायबाय, सकाळी आयकू येतं. म्हना की आता. तिच्यासाठी म्हना."

मी डोळे मिटले. खरंच मिटले. पण आत काहीच नव्हतं, नुसता छातीचा ठोका. माझ्या चुकीने ही बाई मरायला टेकली आहे, हे म्हातारीला माहीत नाही आणि ती मलाच प्रार्थना करायला सांगतेय. मला लाज वाटली. तिचा हात माझ्या शेजारी बाकावर होता तो घेतला. बोटं आपोआप मनगटावर गेली आणि मी तिची नाडी मोजत बसले. ती म्हातारी, रोड, भराभर धावणारी नाडी. म्हातारीला वाटलं, माझी प्रार्थना चाललीय. तिनेही डोळे मिटले.

असे आम्ही किती वेळ बसलो होतो कोण जाणे. साडेबारा वाजून गेल्यावर डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून घाम पुसला. "आतला एक टाका सुटला होता," ते सिस्टरांना म्हणाले. "सापडला. अर्धा तास थांबलो असतो तर..." मग त्यांचं लक्ष बाकाकडे गेलं आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. म्हातारीला म्हणाले, "आजी, अजून धोका आहे. आजची संध्याकाळ निघू दे."

दीडला कौसाबाई पुन्हा नऊ नंबरवर आल्या. एका हाताला रक्ताची बाटली. चेहरा मेणासारखा पिवळा पडलेला, डोळे मिटलेले. चार्ट डॉक्टरांनी स्वतःपाशी ठेवून घेतला होता, मेट्रनबाईंना दाखवायला. मी सिस्टरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पिशवीतून एक काळ्या पुठ्ठ्याची वही काढून माझ्या हातात दिली.

"नवा चार्ट येईपर्यंत मागच्या पानावर लिही. दर पंधरा मिनिटांनी नाडी. स्टूल घेऊन बस, हलू नकोस."

"मी, सिस्टर?"

"मग कोण? आज तुझ्याइतकी नीट कोण मोजणार आहे?"

मी स्टूल घेऊन बसले. अॅप्रनवरच्या घड्याळाचा काटा बघून पूर्ण मिनिट मोजली. एकशे अठ्ठावीस. लिहिली. पाऊण वाजून... नाही, पावणेदोनला एकशे अठ्ठावीस. बघा, आकडे अजून पाठ आहेत आणि वेळा विसरतेय. दोनला एकशे चोवीस. सव्वादोनला पुन्हा एकशे अठ्ठावीस. सिस्टरांना बोलावलं, त्यांनी स्वतः मोजली, बाटलीतल्या रक्ताचे थेंब थोडे वाढवले आणि म्हणाल्या, "मोजत राहा."

पंधरा मिनिटं म्हणजे किती असतात ते मला त्या दुपारी कळलं. पहाटेची पंधरा मिनिटं मी कशीतरी ढकलायची. इथे एकेक मिनिट मी डोळे उघडे ठेवून बसले होते. हात त्यांच्या हातावर होता, तो काढावासा वाटत नव्हता.

अडीचची नाडी लिहायला वही उघडली ती मागच्या पानाऐवजी मधेच उघडली. सिस्टरांचं तिरकं, बारीक अक्षर. वर तारखा. ही त्यांची मननाची वही होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळत होतं. पण पान समोर होतं आणि ओळ एवढीशी होती.

'बसले. काही ऐकू आलं नाही.'

दुसऱ्या दिवशीची तारीख. 'बसले. काही नाही.' तिसऱ्या दिवशी, 'बसले. मन लागलं नाही.' पुढे, 'बसले. झोप आली.' 'बसले. फार राग आला होता, तसं त्याला सांगितलं.' 'बसले. काही ऐकू आलं नाही.' मी पानं उलटली. आठवडे, महिने. वर्ष बघितलं तेव्हा कळलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सिस्टरांचे यजमान गेले होते, एका आठवड्याच्या तापात, याच दवाखान्यात. हे शाळेतल्या सगळ्या मुलींना ऐकून माहीत होतं. आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सगळे सांगायचे की मार्थाबाई अशा विश्वासाच्या, की इतकं दुःख झालं तरी एक दिवस प्रार्थना चुकली नाही.

पुढे एका ठिकाणी आमचं आडनाव आणि माझं नाव दिसलं. 'बसले. काल वाघचौऱ्यांच्या घरी गेले होते. मुलीला पाठवायला तयार झाले. रिबका भित्री आहे, पण खोटं बोलणारी नाही.'

मी वही मिटली. मग मला रडू आवरेना. आवाज होऊ नये म्हणून अॅप्रनचा कोपरा तोंडात धरला. पावणेतीन झाले तसे डोळे पुसले, हात पुसले आणि मनगट धरलं. एकशे अठरा.

संध्याकाळी पाचला एकशे चार. साडेपाचला शहाण्णव. पावणेसहाला कौसाबाईंचे ओठ हलले आणि मी ओल्या कापसाने ते पुसले. सकाळचाच कापूस होता तो, ड्यूटीरूममधून आणलेला.

सिस्टर येऊन खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. मी वही त्यांच्यापुढे धरली.

"सिस्टर, मी वाचलं. चुकून उघडली, पण पुढे मुद्दाम वाचलं."

"वाचलंस ते बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी वही पिशवीत टाकली. "आधीच दाखवायला हवी होती. चूक माझीही आहे, रिबका. मी रोज तुम्हाला विचारते, आज काय ऐकलंस. काहीच ऐकू आलं नाही असंही लिहायचं असतं, हे मी कधी सांगितलंच नाही. मग पोरी काय करतील?"

"पण सिस्टर, इतके महिने काही ऐकू येत नव्हतं, तर तुम्ही बसत का होतात?"

त्यांनी कौसाबाईंकडे बघितलं. "दीडपासून या तुझ्याशी काही बोलल्या का?"

"नाही. शुद्धीवर कुठे होत्या?"

"मग तू का बसलीस?"

"अशा सोडून कशी जाणार?"

"तेच," सिस्टर म्हणाल्या आणि बाटली बघायला वळल्या.

मला ते तेव्हा समजलं नाही. समजल्यासारखं वाटलं, एवढंच.

सहाला मेट्रनबाईंनी बोलावलं. डॉ. आढाव चार्ट घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं, पिशवी, कापूस, वही, दोन पेनं, सगळं. दोन पेनांचं ऐकून मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं होतं सिस्टर माझ्यासाठी रदबदली करतील. त्या भिंतीशी उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. निकाल लागला तो असा: टोपीवरची दुसऱ्या वर्षाची पट्टी काढायची, सहा महिने मागे जायचं, पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर पुन्हा नाडी मोजण्यापासून सुरुवात. आणि घरी पत्र जाणार. "काढूनच टाकणार होते," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण वेळेवर बोललीस."

बाहेर आल्यावर मी सिस्टरांना म्हणाले, "वडिलांना काय वाटेल?"

"वाईट वाटेल," त्या म्हणाल्या. "मेट्रनबाईंचं पत्र शनिवारी जाईल. तू तुझं आजच लिही, म्हणजे आधी पोचेल." मी लिहिलं. वडिलांचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. सहा महिने म्हणजे काही फार नाहीत, आणि टोपी त्यांनी ट्रंकेत नीट ठेवली आहे, पुन्हा लागेल.

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला मी प्रार्थनाखोलीत गेले. शीला आणि बाकीच्या दोघी माझ्याशी नजर मिळवत नव्हत्या. सिस्टरांनी उतारा वाचला. माझी वही माझ्यापुढे ठेवली. शुक्रवारचं पान उघडलं तर ते भरलेलं होतंच, काळ्या शाईत, सुरेख अक्षरात: 'आज सकाळी प्रभूची वाणी मला स्पष्ट ऐकू आली.' मी पान फाडायला धरलं.

"फाडू नकोस," सिस्टर हळूच म्हणाल्या. "खाली जागा आहे."

पंधरा मिनिटं मी बसले. भांडी वाजत होती. पोटात कावळे होते. कौसाबाईंची आठवण येत होती आणि म्हातारीची. बाकी काही नाही. मी त्या सुरेख ओळीखाली लिहिलं, 'बसले. काही ऐकू आलं नाही.' लिहिल्यावर मला हलकं वाटलं. सिस्टरांनी उठताना नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "बसलात ना? चला."

नवा गट सोमवारी सुरू होणार होता, तोवर मला वॉर्डातच ठेवलं होतं. सातला मी नऊ नंबरपाशी गेले. सासूबाई पायथ्याशी जमिनीवर झोपलेल्या. कौसाबाई जाग्या होत्या. चेहऱ्यावर थोडी रया आली होती. मी त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागले.

"बाई," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "काल हितं तुमीच बसल्या व्हत्या ना?"

मी मान हलवली. मोजत होते.

"मला डोळं उघडता येत न्हवतं. बोलता बी येत न्हवतं. पर कुनीतरी हात धरून बसलंया, सोडून जात न्हाई, एवढं समजत व्हतं मला. सगळा येळ समजत व्हतं."

माझी मोजणी चुकली. तेहेतीस होते की त्रेचाळीस, ते कळेना, घड्याळाचा काटाही मला दिसेना. मला काही ऐकू येत नसतानाही इतके महिने पहाटे त्या चटईवर कोण माझा हात धरून बसलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"काय झालं, बाई?" कौसाबाईंनी विचारलं.

"काही नाही, मावशी. चुकलं मोजताना."

मी डोळे पुसले, काटा बाराशी येईपर्यंत थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.